साठ वर्षांचा अनुशेष

विदर्भाच्या सार्वजनिक जीवनात ‘अनुशेष’ या शब्दाइतका झिजलेला आणि तरीही धार न गेलेला दुसरा शब्द सापडणे कठीण. दांडेकर समितीने १९८४ साली प्रादेशिक असमतोलाची मोजदाद करून आपला अहवाल सरकारदरबारी रुजू केला, तेव्हापासून सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकऱ्यांचा अनुशेष अशी या शब्दाची वंशावळ वाढतच गेली. आणि १९५३ च्या नागपूर कराराला स्मरून दर हिवाळ्यात विधिमंडळ नागपुरास मुक्कामाला येते, तेव्हा सभागृहात आणि सभागृहाबाहेरच्या मोर्चांतही या शब्दाचा उच्चार झाल्यावाचून दिवस मावळत नाही. २०१७ च्या डिसेंबरातही अधिवेशन भरले, निवेदने दिली गेली आणि नेहमीच्या आश्वासनांची नोंद नेहमीच्या दप्तरांत झाली. परंतु त्याच महिन्यात, प्रथम सुरतेस, मग कलकत्त्यास आणि अखेरीस इंदूरास, पांढऱ्या पोशाखातील अकरा माणसे एका निराळ्याच अनुशेषाची फेड करीत होती. त्या फेडीसाठी कोणी अर्ज केला नव्हता आणि कोणत्याही सरकारने तिची तरतूद केली नव्हती. विदर्भाच्या क्रिकेट संघाने रणजी करंडक जिंकला, तो मोसम हा या लेखाचा विषय आहे.

या संघाचे अस्तित्व हीच मुळात इतिहासाची एक गमतीदार शिल्लक आहे. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी असताना त्या प्रांताच्या नावाचा संघ रणजी स्पर्धेत खेळत असे. पुढे राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाच्या स्वतंत्र राज्याची शिफारस केली, ती मान्य झाली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. क्रिकेटच्या कारभाऱ्यांनी मात्र जुनी सरहद्द पुसली नाही. मुंबई आणि महाराष्ट्र हे संघ पश्चिम विभागात राहिले; विदर्भ १९५७-५८ च्या मोसमात आपल्या स्वतंत्र नावाने रणजीच्या मैदानात उतरला, तो मध्य विभागातून, म्हणजे उत्तर प्रदेश, राजस्थान आणि मध्य प्रदेश यांच्या पंक्तीला. राजकारणाच्या नकाशावर जे राज्य झाले नाही, ते क्रिकेटच्या नकाशावर असे अबाधित राहिले. आणि त्या राज्याची प्रजा म्हणून पराभव सोसण्याचा हक्कही वैदर्भीयांना अबाधितपणे मिळाला.

नागपूरच्या मातीत क्रिकेटचे बीज नव्हते, असे मात्र कोणी म्हणू नये. भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे कर्णधार कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म नागपूरचा, ३१ ऑक्टोबर १८९५ चा. १९२६ साली मुंबईच्या जिमखान्यावर एम. सी. सी. च्या गोलंदाजीवर अकरा षटकारांसह १५३ धावा काढून ज्यांनी अवघ्या देशाला या खेळाचे वेड लावले, त्या नायडूंना इंदूरच्या महाराजांनी १९२३ सालीच आपल्या पदरी बोलावून घेतले होते, फौजेत हुद्दा दिला होता. आणि पुढे नायडूंच्या त्या होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. नागपूरला त्यांच्या जन्माचा अभिमान मिळाला, इंदूरला त्यांचे कर्तृत्व. गुणी माणसाने नागपूर सोडावे आणि परक्या दरबारात नाव काढावे, हा जणू तेव्हापासूनचा शिरस्ता होऊन बसला.

मागे राहिलेल्या संघाची पुढची साठ वर्षे थोडक्यात सांगण्यासारखीच आहेत. मध्य विभागात विदर्भाशी सामना म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गुणांची वसुली, असा समज रूढ झाला होता. २००२ नंतर संघांची वरच्या आणि खालच्या गटांत विभागणी झाली, तेव्हा विदर्भाची बरीच वर्षे खालच्या ‘प्लेट’ गटात गेली. नागपूरचे नाव मोठे झाले ते यजमान म्हणून. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर १९६९ साली न्यूझीलंडविरुद्ध कसोटी सामना झाला. तेथेच ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी, योगायोगाने नायडूंच्याच जन्मदिनी, चेतन शर्माने न्यूझीलंडच्या तीन फलंदाजांचे सलग तीन चेंडूंवर त्रिफळे उडवून विश्वचषकातील पहिली हॅट्‌ट्रिक नोंदविली आणि सुनील गावसकरांनी एकदिवसीय क्रिकेटमधील आपले एकमेव शतक झळकाविले. प्रेक्षक म्हणून नागपूरकराने जगातले उत्तम क्रिकेट पाहिले; त्या खेळात आपल्या गावचा माणूस दिसण्यासाठी मात्र त्याला फार वाट पाहावी लागली. प्रशांत वैद्य भारताकडून काही एकदिवसीय सामने खेळला, आणि खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव नोव्हेंबर २०११ मध्ये कसोटी खेळला, तेव्हा विदर्भ संघाच्या एखाद्या खेळाडूला प्रथमच तो मान मिळाला. संघाच्या पदार्पणानंतर त्याला चौपन्न वर्षे लागली होती.

उमेशच्या वेगाने एक गोष्ट सिद्ध केली. ज्या प्रदेशाला फिरकी आणि संथ खेळपट्ट्या यांपलीकडे काही ठाऊक नाही असे मानले जात होते, तेथेही खरा जलदगती गोलंदाज निपजू शकतो. परंतु एक उमेश म्हणजे संघ नव्हे. वर्धा रस्त्यावर जामठा येथे नवे क्रीडांगण उभे राहिले आणि २००८ साली तेथे पहिली कसोटी झाली, तेव्हा वृत्तपत्रांचे लक्ष भव्य प्रेक्षागारावर होते. विदर्भ क्रिकेट संघटनेने त्या सुमारास निवासी प्रबोधिनी काढून जिल्ह्या-तालुक्यांतील मुले एका छपराखाली आणली, त्यांना प्रशिक्षक दिले आणि वयोगटांच्या स्पर्धांतून त्यांची पारख सुरू केली, ही कमी दिसणारी गोष्ट अखेरीस अधिक फळली. कसोटीवीर सुब्रत बॅनर्जी यांच्या हाताखाली जलदगती गोलंदाज तयार होऊ लागले. फळ झाडावर एका रात्रीत धरत नाही: २०१४-१५ आणि २०१५-१६ या दोन्ही मोसमांत संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला आणि दोन्ही वेळा तेथूनच परतला.

२०१७ साली चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून नागपुरास आले. मुंबईला त्यांनी २०१५-१६ चा करंडक मिळवून दिला होता, पुढच्या वर्षी मुंबईने अंतिम सामना गमावला आणि त्यांची तेथील कारकीर्द संपली. त्यांच्या मनात आणखी एक जुना सल होता: १९९९ साली मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून ते अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले होते आणि कर्नाटकाकडून हरले होते. पंडित शिस्तीचे कठोर. त्यांच्या छावणीत वेळ, आहार, सराव यांचा हिशेब जुन्या काळच्या लष्करी अंमलदाराच्या काटेकोरपणे ठेवला जाई, आणि ‘आपण विदर्भाचे, एवढे पुष्कळ झाले’ असे समाधान मानण्याची सवलत तेथे कोणालाच नव्हती.

पंडितांच्या जोडीला मुंबईचाच वासीम जाफर होता. रणजी इतिहासातील सर्वांत अधिक धावा ज्याच्या नावावर, मुंबईकडून आठ करंडक ज्याच्या पदरी, तो एकोणचाळीस वर्षांचा फलंदाज आदल्या मोसमात दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता. त्याची परतफेड म्हणून या मोसमासाठी त्याने मानधन घेतले नाही. कर्नाटकातून आलेला गणेश सतीश दुसरा पाहुणा. या सर्वांचा कर्णधार होता नागपूरचा फैज फजल, ज्याची सारी आंतरराष्ट्रीय कारकीर्द एका सामन्यात मावली होती: जून २०१६ मध्ये हरारेत तो झिंबाब्वेविरुद्ध नाबाद ५५ धावा करून परतला आणि त्याला पुन्हा बोलावणे आले नाही. माणसाला कडू करण्यास एवढे कारण पुरते. फजलने त्याचा राग धावांवर काढला. त्या मोसमात त्याने पाच शतकांसह ९१२ धावा केल्या.

साखळीतील सहा सामन्यांपैकी विदर्भाने चार जिंकले, दोन अनिर्णित राखले आणि एकही गमावला नाही. मोहालीत पंजाबचा डावाने पराभव झाला; कल्याणीच्या मैदानावर बंगालविरुद्ध फजल आणि संजय रामास्वामी या सलामीच्या दोघांनीही शतके केली आणि तो सामना दहा गड्यांनी पदरात पडला. एकतीस गुणांनिशी विदर्भ ‘ड’ गटात अग्रस्थानी राहिला. ‘गट सोपा होता,’ असे जाणकार म्हणाले, आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत त्यांचे म्हणणे खोडून काढण्याची सोय नव्हती. ती सुरतेत झाली. केरळविरुद्ध पहिल्या डावात २४६ धावांवर समाधान मानावे लागलेल्या संघाने दुसरा डाव नऊ बाद ५०७ वर घोषित केला आणि ४१२ धावांनी सामना जिंकून इतिहासात प्रथमच उपांत्य फेरीचा उंबरठा ओलांडला.

उपांत्य सामना कलकत्त्यास होता. नागपूर आणि कलकत्ता यांचा संबंध जुना आहे: रघूजी भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर सुरू झाल्या, तेव्हा त्या धास्तीने १७४२ साली कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला, ज्याला ‘मराठा खंदक’ हेच नाव पडले, आणि १७५१ च्या तहात अलीवर्दीखानाने नागपूरकरांना सालिना बारा लाखांची चौथ कबूल केली. या खेपेस ईडन गार्डन्सवर गाठ होती ती बंगालशी नव्हे, आठ वेळा करंडक जिंकलेल्या कर्नाटकाशी, आणि चौथ मागण्याजोगी विदर्भाची स्थिती मुळीच नव्हती. पहिला डाव १८५ धावांत आटोपला. कर्नाटकाने करुण नायरच्या १५३ धावांच्या बळावर ३०१ पर्यंत मजल मारली. एकशे सोळा धावांची पिछाडी, समोर कर्नाटकासारखा संघ, आणि मागे साठ वर्षांची सवय. आजवरचा विदर्भ अशा ठिकाणी हात जोडून मोकळा होत आला होता.

दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ धावा केल्या, आणि त्यांत गणेश सतीशच्या ८१ धावांचा वाटा मोठा होता. ज्या कर्नाटकाने त्याला घडविले, त्याच्याच विरुद्ध त्याने ही खेळी केली. कर्नाटकाला विजयासाठी १९८ धावा हव्या होत्या. येथून पुढचा सामना म्हणजे रजनीश गुरबानी या स्थापत्य अभियंत्याची एकट्याची कथा झाली. पहिल्या डावात पाच बळी घेतलेल्या या तरुणाजवळ उमेशचा वेग नव्हता. चेंडू टप्प्यावर ठेवावयाचा आणि तेथून त्याला उशिरा वळावयास लावायचे, ही एकच विद्या त्याला अवगत होती, आणि ती मात्र पुरी अवगत होती. चौथ्या दिवसाअखेर कर्नाटकाची अवस्था सात बाद १११ झाली. त्या रात्री सत्त्याऐंशी धावा आणि तीन गडी एवढेच अंतर एका संघाच्या आणि त्याच्या सहा दशकांच्या इतिहासाच्या मध्ये उभे होते.

पाचव्या सकाळी ते अंतर दोन्ही बाजूंनी कमी होऊ लागले. कर्णधार विनयकुमार झुंजला. तो गेल्यावर अभिमन्यू मिथुनने निर्भयपणे ३३ धावा केल्या. दुसऱ्या टोकाला श्रेयस गोपाल जागचा हलेना. लक्ष्य हाताच्या अंतरावर आले असता मिथुन बाद झाला, आणि शेवटची जोडी एकेका धावेने पुढे सरकू लागली. अखेर श्रीनाथ अरविंदचा बळी गुरबानीनेच घेतला तेव्हा फलकावर १९२ धावा होत्या. पाच धावांनी विजय! गुरबानीचे त्या डावातील पृथक्करण ६८ धावांत सात बळी, सामन्यात १६२ धावांत बारा. पंडितांचा जुना सलही त्याच कर्नाटकाकडून त्या सकाळी निघाला.

अंतिम सामना २९ डिसेंबरास इंदूरच्या होळकर क्रीडांगणावर सुरू झाला. ज्या इंदूरने नागपूरचे नायडू उचलून नेले, त्या इंदुरात नागपूरचा संघ पहिल्या करंडकासाठी उतरावा, हा संकेत कोणी आखलेला नव्हता. त्रयस्थ मैदान म्हणून ते ठरले होते, एवढेच. प्रतिस्पर्धी होता सात वेळा अजिंक्य ठरलेला दिल्लीचा संघ, ऋषभ पंतच्या नेतृत्वाखालचा, गौतम गंभीरसारखा मातब्बर सलामीवीर बाळगणारा. उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघून गेला होता आणि त्याच्या जागी आदित्य ठाकरे हा एकोणीस वर्षांचा मुलगा आपला पहिलाच प्रथम श्रेणीचा सामना खेळत होता.

दिल्लीकडून ध्रुव शोरीने १४५ धावा केल्या आणि पहिल्या दिवसाअखेर दिल्ली सहा बाद २७१ अशी सुस्थितीत होती. दुसऱ्या सकाळी गुरबानीने एका षटकाच्या अखेरच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी यांचे त्रिफळे उडविले, आणि आपल्या पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर शोरीचा. तीन चेंडू, तीन त्रिफळे. सिव्हिल लाइन्सवर तीस वर्षांपूर्वी नागपूरकरांनी चेतन शर्माचे जे पाहिले होते, ते या वेळी घरच्या मुलाने केले. रणजीच्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेणारा तो केवळ दुसरा गोलंदाज; त्याच्या आधीचा मान तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांचा, १९७२-७३ चा. दिल्ली २९५ वर आटोपली. गुरबानीचे ५९ धावांत सहा बळी.

उत्तरादाखल फजलने ६७ आणि जाफरने ७८ धावा केल्या. परंतु सहा गडी २४६ वर बाद झाले, तेव्हा आघाडी मिळणार की नाही याचीच शंका होती. तेथे यष्टिरक्षक अक्षय वाडकर आणि डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे यांची जोडी जमली. ज्यांचे नाव दिल्लीच्या डावपेचांत क्वचितच आले असेल अशा या दोघांनी १६९ धावांची भागीदारी केली. सरवटे ७९ वर बाद झाला, त्याची जागा घेऊन सिद्धेश नेरळने ७४ धावा ठोकल्या, आणि वाडकरने आपले प्रथम श्रेणीतील पहिलेच शतक अंतिम सामन्यात झळकावून ते १३३ पर्यंत नेले. विदर्भाचा डाव ५४७ धावांवर थांबला. दिल्लीला दुसऱ्या डावात २८० च करता आल्या. ऑफस्पिनर अक्षय वखरेने चार बळी घेतले. विजयासाठी हव्या होत्या एकोणतीस धावा. २०१८ च्या पहिल्या दिवशी, सामन्याच्या चौथ्या संध्याकाळी, विनामानधन खेळणाऱ्या जाफरच्या बॅटमधून विजयाचा फटका निघाला आणि विदर्भ नऊ गड्यांनी अजिंक्य ठरला. जाफरचा हा नववा करंडक, संघाचा पहिला.

‘पाहुण्यांच्या बळावर मिळविलेला विजय’ असा आक्षेप तेव्हा निघाला, आणि त्याचा विचार न करता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पंडित मुंबईचे, जाफर मुंबईचा, सतीश कर्नाटकाचा, हे खरेच. परंतु आदल्या मोसमांतही पाहुणे होते आणि संघ उपांत्यपूर्व फेरीतून परतला होता. मोसमात सहा सामन्यांत ३९ बळी घेणारा गुरबानी, शतकवीर वाडकर, सरवटे, वखरे, नेरळ आणि स्वतः कर्णधार हे विदर्भाच्याच मैदानांवर वाढले होते. पाहुण्यांनी येथे रिती घागर भरून दिली नाही; घागरीला गळती कोठे आहे ते दाखविले. शिवाय मार्चमध्ये जामठ्यावर इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध सात बाद ८०० धावा उभारून (त्यांत जाफरच्या २८६) आणि पुढल्या वर्षी फेब्रुवारीत नागपुरातच सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून रणजी करंडक राखल्यावर दैवयोगाची भाषा आपोआप थांबली. त्या दुसऱ्या अंतिम सामन्यात सरवटेने अकरा बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एक धाव करू दिली.

या मोसमाचे खरे माप मात्र धावफलकावर नाही. विदर्भावर अन्याय झाला, ही तक्रार खोटी नव्हे. तिचे पुरावे दांडेकर समितीच्या अहवालात आहेत आणि अहवालाबाहेर कोरड्या कालव्यांतही. परंतु तक्रार फार काळ जतन केली की ती हळूहळू निमित्त होऊन बसते, आणि संघ हरला तर ‘आम्ही विदर्भाचेच ना’ एवढे म्हणून माणूस निवांत झोपू शकतो. क्रिकेटच्या या अनुशेषाची फेड झाली ती प्रथम छप्पर, मग मुले, मग प्रशिक्षक, मग शिस्त आणि सर्वांत शेवटी करंडक, या क्रमाने. हा क्रम उलटा करून पाहणाऱ्यांच्या पदरी विदर्भात काय पडले आहे, ते वाचकांना सांगावयास नको.

मार्च २०२५ मध्ये जामठ्यावर केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहून पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक मिळविला. कर्णधार होता तोच अक्षय वाडकर. आदित्य सरवटे त्या दिवशी केरळकडून खेळत होता. आणि विजयी संघाच्या फलंदाजांत दोन नावे अशी होती, जी २०१७ च्या डिसेंबरात विदर्भाच्या गोलंदाजांना पुरून उरली होती: कलकत्त्यास १५३ धावा करणारा कर्नाटकाचा करुण नायर आणि इंदूरास १४५ धावा करणारा दिल्लीचा ध्रुव शोरी. १९२३ साली नागपूरचा गुणी माणूस नागपूर सोडून इंदूरच्या दरबारी गेला होता. एका शतकानंतर बंगळूर आणि दिल्ली येथील गुणी माणसे करंडकासाठी नागपुरास आली होती.